हाडाचे सिमेंट आणि एक कागद

विद्यार्थी मित्रांनो, ‘नवे ते अधिक चांगले’ असे आपण सहज धरून चालतो. ही समजूत किती महागात पडते, हे हाडाच्या सिमेंटची हकीकत वाचली म्हणजे कळते.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा, हे तुम्ही शिकला आहातच. तो फार झिजला की शल्यविशारद त्या जागी कृत्रिम सांधा बसवतात. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात ही शस्त्रक्रिया रूढ केली. धातूचा दांडा मांडीच्या हाडात पक्का बसावा म्हणून त्यांनी ॲक्रिलिक सिमेंट वापरले. घर बांधायच्या सिमेंटशी याचे नाते केवळ नावापुरते! भुकटी आणि द्रव एकत्र कालवले की काही मिनिटांत ते कठीण होते. ते डिंकासारखे चिकटवत नाही. दांडा आणि हाड यांमधील पोकळी भरून दांड्याला आवळून धरते.

या सिमेंटात दोन उणिवा आहेत. कठीण होताना ते तापते आणि थोडा द्रव रक्तात मिसळतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी युरोपात ‘बोनलॉक’ हे नवे सिमेंट आले. द्रवातील घटक बदलल्यामुळे ते कमी तापत असे. दोन्ही उणिवांवर उपाय सापडला असे वाटले. पण त्याची ताकद जुन्या सिमेंटपेक्षा कमी होती.

हे रुग्णांच्या बाबतीत उघडकीस आले ते नॉर्वेतील एका साध्या व्यवस्थेमुळे. तेथे १९८७ पासून अशा प्रत्येक शस्त्रक्रियेमागे एक कागद भरतात: सांधा कोणता, सिमेंट कोणते. सांधा पुन्हा बदलावा लागला तर त्याचीही नोंद होते. या नोंदी ताडून पाहता ‘पॅलॅकॉस’, ‘सिम्प्लेक्स’ ही जुनी सिमेंटे टिकलेली दिसली. बोनलॉकचे सांधे मात्र थोड्याच वर्षांत सैल होत होते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते, आणि ती सोसायची वृद्ध रुग्णांनी! १९९५ मध्ये बोनलॉक बाजारातून काढून घेतले गेले.

मग नवे काही करूच नये काय? तसे मुळीच नाही. सिमेंटात प्रतिजैविक मिसळणे हीदेखील एके काळी नवी कल्पनाच होती. तिचा उपयोग होतो, हेही नॉर्वेच्या त्याच नोंदींनी दाखवले. म्हणजे नव्याला आडकाठी नको. पण त्याच्यामागे नोंद हवी, आणि तीही वर्षानुवर्षे.

माझ्या मते कंटाळा न करता कागद भरणारे ते डॉक्टर संशोधकच होत. शिक्षकांना एक विनंती: प्रयोगवहीत ‘अपेक्षित’ उत्तर लिहिणाऱ्याला आपण पूर्ण गुण देतो. फसलेला प्रयोग जसा घडला तसा लिहिणाऱ्यालाही ते द्यावेत. आणि मित्रांनो, तुम्ही चुकलेले आकडे खोडरबराने पुसू नका. त्यांच्या शेजारी तारीख लिहा.