यात्रेची पिशवी



नोव्हेंबर लागला की आमच्या सीमाभागात जुन्या गोव्याच्या गोष्टी सुरू होतात. 24 नोव्हेंबरपासून संत फ्रान्सिस झेवियर यांचा नोव्हेना, 3 डिसेंबरला सण. कुणी पायी जातात, बरेच जण बसने. आमच्या धर्मग्रामाचीही एक बस निघते. नावे लिहून घेणे, सामान चढवणे ही कामे आम्हा स्वयंसेवकांकडे असतात. म्हणून आज सामानाबद्दलच लिहितो आहोत.

मागच्या वर्षी दोन दिवसांच्या यात्रेसाठी आम्ही एक यादी वाटली होती. सणाला नवे कपडे, वर दोन जोड, चाकांची बॅग, वाटून खायला घरचा फराळ, फेस्ताच्या बाजारासाठी पैसे. हेतू चांगलाच होता. बस निघाली तेव्हा डिकी भरून बॅगा टपावर गेल्या होत्या आणि मागची एक जागा रिकामी होती. ती धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींची. भाडे त्यांनी ऑगस्टपासून थोडे थोडे करून भरले होते. बरे वाटत नाही, असा निरोप आला. नाताळात त्यांच्या घरी गेलो तेव्हा खरे कारण कळले. "यादीतलं निम्मंही माझ्याकडे नव्हतं. तुमच्या सगळ्यांत मी कशी दिसले असते?"

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. भाडे परवडेल असे ठेवले होते, पण आमच्या यादीनेच त्यांना घरी बसवले.

म्हणून आमचे मत असे: यात्रेच्या सामानाची यादी धर्मग्रामातल्या सर्वात गरीब घराला दुकानात पाऊल न टाकता पुरी करता आली पाहिजे. तशी नसेल, तर ती यात्रा नव्हे, सहल.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात प्रभू येशू बारा जणांना दोघादोघांनी पाठवतो. काठी घ्या; भाकरी, झोळी, पैसे नकोत; दोन अंगरखे नकोत. पण पायांत वहाणा घाला, असेही तो सांगतो. म्हणजे गरजेचे ते घ्यायला प्रभूची ना नाही. आणि लगेच पुढे, ज्या घरात जाल तिथेच राहा, असे म्हणतो. झोळी रिकामी असली की माणूस दुसऱ्याच्या दारी जातो. भरलेली असली की आपल्यापुरते पाहतो.

ज्यांच्या दर्शनाला आपण जातो, त्या संताचेही तसेच. 1541 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघताना, लागेल ते मागा, असा राजाच्या अधिकाऱ्यांनी आग्रह केला. त्यांनी काही पुस्तके आणि थंडीसाठी एक जाडाभरडा झगा तेवढा घेतला, असे चरित्रकार सांगतात. नोकरही नाकारला. 6 मे 1542 रोजी ते गोव्यात उतरले. वर्षाहून लांबलेला तो प्रवास, आणि आपल्याला दोन दिवसांना चाकांची बॅग लागते!

कुणी म्हणेल, म्हातारी माणसे असतात, लेकरे असतात, सोय नको का? हवीच. पण मागच्या वर्षी घाटात एका आजींची रक्तदाबाची गोळी डिकीतल्या सर्वात खालच्या बॅगेत होती. सामान जास्त झाले की गरजेची वस्तूच हाताला लागत नाही.

तेव्हा यंदाची यादी अशी:

– एकच पिशवी, आपल्या खांद्यावर पेलेल एवढी. कापडी असली तरी चालेल.
– अंगावर एक आणि बदलायला एक जोड. धुतलेला पुरे, नवा नको.
– एक शाल किंवा चादर. रात्री पांघरायला, बसमध्ये उशाला आणि बॅसिलिकात खांदे झाकायला.
– रोजची औषधे चार दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत.
– वापरातल्या चपला. सणाच्या गर्दीत बस लांब उभी राहते आणि नवी चप्पल चावते.
– पाण्याची बाटली आणि जपमाळ.
– लेकरांच्या खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी.

चोर्ला घाटात ज्यांना बस लागते त्यांनी पुढे बसावे, पोटभर खाऊन निघू नये, आल्याची वडी जवळ ठेवावी. फराळ कुणीच घरून आणायचा नाही. आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळे मिळून दशम्या आणि शेंगाचटणी करू. कुणाच्या डब्यात काय, हा प्रश्नच उरणार नाही.

आणखी एक. जे येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या विनंत्या एका कागदावर लिहून घ्या. बॅसिलिकात आधी फोटोंची घाई नको. पापनिवेदन करा, मिस्साला बसा, मग तो कागद उघडून एकेका नावासाठी प्रार्थना करा. समोरचे से कॅथेड्रल आणि बाजारातले खाजे त्यानंतर. यात्रेचा खरा लाभ तिथेच आहे.

ही यादी छापण्याआधी आम्ही त्या मावशींना वाचून दाखवली. त्यांनी एक वस्तू वाढवली: सुई-दोरा. ती आम्हाला सुचलीच नव्हती. मावशींचे नाव यंदा पहिल्या पानावर आहे. आपले नाव रविवारच्या मिस्सानंतर द्या, आणि येताना शेजारच्या घरीही विचारून या.