मोफत आणि मुक्त



नव्या मोबाईलची बातमी आली की आपल्या वस्तीत तिची चर्चा झडते. कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती तास पुरते, हप्ता किती बसतो, यावर आपली मुले तासन्‌तास वाद घालतात. या चर्चेला आमचा मुळीच विरोध नाही. ज्या घरात एका कंदिलाभोवती चार भावंडे अभ्यासाला बसत, त्या घरातील नातू आज यंत्राच्या अंतरंगाविषयी अधिकाराने बोलतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या साऱ्या चर्चेत एक प्रश्न आम्हास क्वचितच ऐकू येतो. हे यंत्र आज्ञा कोणाची पाळते? पैसे आपण मोजले, विजेचे बिल आपण भरतो, रात्री उशाशी घेऊन आपणच झोपतो. मग त्याचा धनी कोण?

हा प्रश्न पंडिती वाटेल, म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या परिचयातील एका तरुणाने मुलीच्या आजारपणात एका कर्जाच्या ॲपवरून पाच हजार रुपये उचलले. ॲप घेताना त्याने 'परवानगी द्या' हे बटण तीन-चार वेळा दाबले. घाईत होता, मूल तापाने फणफणत होते. त्यातील एक परवानगी संपर्कयादीची होती आणि एक छायाचित्रांची. हप्ता आठ दिवस थकला. लगेच त्याच्या मुकादमाला, आईच्या महिला मंडळातील बायांना, इतकेच नव्हे तर मुलीच्या वर्गशिक्षिकेलाही संदेश गेले की हा मनुष्य लबाड आहे, पैसे बुडवून पळाला आहे. सोबत त्याचे विद्रूप केलेले छायाचित्र. जुना सावकार निदान जमिनीचा तुकडा लिहून घेई. येथे पाच हजारांसाठी साऱ्या गणगोतापुढची अब्रू गहाण पडली, आणि ती गहाण टाकल्याचे गहाण टाकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

अशा तक्रारी देशभरातून येऊ लागल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये एक कार्यगट नेमला आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नियम काढले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील फाइली, छायाचित्रे, संपर्कयादी व कॉलची नोंद यांना हात लावू नये. ओळख पटविण्यापुरता कॅमेरा किंवा ठिकाण एकदा वापरावयाचे तर तेही ऋणकोच्या स्पष्ट संमतीने, असे त्यात सांगितले आहे. नियम चांगला आहे. पण जो चोरून धंदा करतो तो रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक वाचून करीत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या तरुणाच्या यादीत दोनशे माणसे होती. त्या दोनशेंपैकी एकानेही कोणतेही बटण दाबले नव्हते. आपल्या फोनमधील यादी ही आपल्या एकट्याची मालमत्ता नव्हे. ती इतरांनी विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादे ॲप आपल्या फोनमध्ये बसून काय करते, हे कळावे कसे? संगणकाला द्यावयाच्या आज्ञा मनुष्य प्रथम वाचता येईल अशा रूपात लिहितो. तिला मूळ संहिता म्हणू. मग तिचे यंत्राला कळणाऱ्या अंकांत रूपांतर होते आणि बहुतेक कंपन्या आपल्या हाती केवळ ते अंक ठेवतात. मूळ संहिता कपाटात बंद. ती मागू नये, उकलू नये, बदलू नये, अशी अट आपण न वाचता मान्य केलेल्या करारात असते. ज्या ग्रंथाप्रमाणे वागावयाचे तो ग्रंथ वाचण्याचा मात्र अधिकार नाही, ही व्यवस्था आपल्याला नवी नाही. तिचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या व्यवस्थेविरुद्ध एक मनुष्य उठला, त्याचे नाव रिचर्ड स्टॉलमन. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत तो काम करी. १९८० च्या सुमारास तेथे छपाईचे एक नवे यंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या संहितेत स्टॉलमनने सुधारणा केली होती. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना आपोआप संदेश जाई. नव्या यंत्राची संहिता मात्र मिळेना. ज्याच्याजवळ ती होती त्याने 'कोणाला देणार नाही' असे वचन लिहून दिले होते. अडकलेल्या कागदाची ही क्षुल्लक गोष्ट. पण तिच्यातून त्याने सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये संस्था काढली आणि १९८९ मध्ये असा एक परवाना प्रसिद्ध केला की मालकी हक्काच्या कायद्याचेच हत्यार त्याने उलटे धरले. संहिता घ्या, वाचा, बदला, वाटा. मात्र वाटताना पुढच्यालाही हेच हक्क द्या. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा संगणकप्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढे तो याच परवान्याखाली आणला.

इंग्रजी भाषेत 'मोफत' आणि 'मुक्त' या दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे, त्यामुळे स्टॉलमनचे अर्धे आयुष्य हा घोटाळा निस्तरण्यात गेले. मराठीत तशी अडचण नाही. आपल्याजवळ दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांतील अंतर आपण जाणतो. मोफत मिळालेली वस्तू मनुष्याला मुक्त करतेच असे नाही. पुष्कळदा उलटेच घडते. फुकटच्या जेवणावळीत कोणत्या पंगतीला बसविले जाई, हे आपल्या वडिलधाऱ्यांना विचारा. मुक्त प्रणालीचा अर्थ चार हक्क: ती कोणत्याही कामासाठी वापरण्याचा, तिची संहिता अभ्यासून बदलण्याचा, तिच्या प्रती वाटण्याचा आणि आपण केलेली सुधारणा इतरांस देण्याचा. पैसे घेऊन विकली तरी ती मुक्त राहू शकते. फुकट वाटली तरी दास्याची असू शकते.

येथे एक विपर्यास सांगितलाच पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे त्याचा गाभा लिनक्सच आहे. पाया मुक्त, पण वर बांधलेल्या इमारतीच्या कित्येक खोल्यांना कुलपे, आणि किल्ल्या दुसऱ्याजवळ. कित्येक फोनांत विक्रेत्याने घालून दिलेले ॲप मालकाला काढूनही टाकता येत नाही. म्हणून 'लिनक्स आहे ना, मग झाले' असे म्हणणाऱ्या उत्साही तरुणांशी आम्ही सहमत नाही.

संहिता उघडी असली म्हणजे धोका टळतो काय? नाही. मार्च २०२४ मध्ये जगातील असंख्य संगणकांवर असलेल्या 'एक्सझेड' या फाइली आवळण्याच्या मुक्त साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. हे साधन एकच मनुष्य वर्षानुवर्षे, विनावेतन, थकून-भागून सांभाळीत होता. बनावट नावाने एक 'मदतनीस' २०२१ पासून आला, दोन वर्षे गोडीने काम केले, विश्वास संपादन केला आणि मग घात केला. तो पकडला कसा गेला? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले. अर्धा सेकंद! दुसऱ्याने दुर्लक्ष केले असते. याने पाठपुरावा केला, संहिता उघडून पाहिली आणि २९ मार्च रोजी जगाला सावध केले. या प्रकरणावरून काही जण म्हणतात, पाहा, उघड्या दाराने चोर आला. आम्ही म्हणतो, चोर बंद घरातही शिरतो. पण परक्या माणसाला संशय आल्यावर आत येऊन शोध घेण्याचा हक्क होता, म्हणून तो सापडला. मात्र ज्या एकट्या माणसाच्या श्रमावर एवढे जग उभे होते त्याला कोणी कधी विचारले नाही, ही लाज मुक्त प्रणाली वापरणाऱ्या सर्वांची आहे.

आता एक आक्षेप. आमच्याशी बोलताना कितीतरी लोक म्हणतात, "आमच्याजवळ लपविण्यासारखे काय आहे? आम्ही काही गुन्हेगार नाही." वाचकहो, हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. भाड्याची खोली पाहावयास गेल्यावर 'आडनाव काय? गाव कोणते?' हे प्रश्न कशासाठी विचारले जातात ते आपण जाणता. निदान त्या वेळी विचारणारा समोर असतो; उत्तर द्यावे, न द्यावे, उठून यावे, हे आपल्या हाती असते. एकदा नाव, गाव, दाखला, पत्ता आणि आपण कोठे कोठे जातो याची नोंद कोणाच्या तरी वहीत गेली की तो प्रश्न आपल्याला न विचारताच सुटतो. नकार मिळतो, पण नकार देणारा दिसत नाही.

खरक सिंग यांचे उदाहरण घ्या. १९४१ मध्ये त्यांना दरोड्याच्या संशयावरून पकडले, पुरावा नाही म्हणून सोडून दिले. तरीही उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी त्यांच्या नावाची वही उघडली. रात्री-बेरात्री दार ठोठावून त्यांना झोपेतून उठविले जाई. लपविण्यासारखे त्यांच्याजवळ काय होते? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रात्रीच्या भेटी बेकायदा ठरविल्या, परंतु खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असेही बहुमताने म्हटले. त्यापूर्वी १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी हेच सांगितले होते: अमेरिकेच्या घटनेप्रमाणे झडतीपासून संरक्षण देणारे कलम आपल्या घटनाकारांनी घातलेले नाही, तेव्हा ते आम्ही कोठून आणावे?

घातले नाही हे खरे. पण कोणी मागितलेच नव्हते, असे नाही. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे ठेवण्यासाठी जे निवेदन तयार केले, त्यात माणसाची काया, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, असे कलम स्पष्ट शब्दांत आहे. ते अंतिम घटनेत आले नाही. ज्यांच्या झोपडीत कोणीही केव्हाही शिरू शकत असे, त्यांच्या वतीने हे कलम मागितले गेले होते, हे विसरू नका. पुढे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि जुने दोन्ही निर्णय त्या मर्यादेत रद्द ठरविले. सत्तर वर्षे लागली.

कायदा मिळाला म्हणून काम भागत नाही. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कलमे टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. त्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची जी मुभा ठेवली आहे ती आम्हास अत्यंत आक्षेपार्ह वाटते. वहीतून ज्याला अधिक भय, त्यालाच वहीची मोकळीक. शिवाय याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एक कलम असे बदलले की अधिकाऱ्याविषयी माहिती मागणाऱ्याला 'ही व्यक्तिगत बाब आहे' असे उत्तर देणे सोपे झाले. दुर्बलाचा पडदा बलवानाने पांघरावा, तसे हे आहे.

तरीही त्या कायद्यात एक तरतूद आपल्या उपयोगाची आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीतही. तो पर्याय मागा. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर अंगठा उठविण्याचे दिवस आपल्या आजोबांबरोबर गेले असे आपण मानतो. मग बोटाने काच दाबणे हे त्याहून निराळे कसे?

बाकी कामे लहान आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये 'परवानग्या' उघडा आणि विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, असे एकेकाला विचारीत चला. झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत चालते का, ते पाहा. आधार प्राधिकरणच ती देते. मुलांना संगणक घ्यावयाचा असेल तर चोरून बसविलेल्या महागड्या प्रणालीपेक्षा लिनक्स व लिबरऑफिस शिकवा. केरळच्या सरकारी शाळांतील मुले अनेक वर्षांपासून मुक्त प्रणालीवरच शिकतात. मराठी लिहिण्यासाठी 'मुक्त' किंवा 'लोहित' यांसारखे खुल्या परवान्याचे टंक आहेत, ते वापरावयास कोणाची चोरी नाही.

आमच्या त्या तरुण मित्राने कर्ज फेडले. मुलगी बरी झाली. वर्गशिक्षिकेला मात्र तो अजून नजर देऊ शकत नाही; पालकसभेला त्याची पत्नी एकटीच जाते.