डॉक्टर, चार दिवस कोकणात जाऊन येऊ का?



आश्विन लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो. पाऊस ओसरलेला असतो, समुद्र निवळू लागतो, पावसाळ्यात बंद राहिलेल्या गेटवे–मांडवा लाँच पुन्हा सुरू झालेल्या असतात आणि नातवंडांची दिवाळीची सुट्टी जवळ येते. रक्तदाब मोजून झाला की आजी किंवा आजोबा हळूच विचारतात, “डॉक्टर, चार दिवस बाहेर जाऊन आलो तर चालेल का?” आणि शेजारी बसलेला मुलगा तेवढ्यात म्हणतो, “या वयात कशाला ती दगदग?”

मुलाची काळजी खोटी नसते. परंतु प्रवास टाळल्यानेही काही गमावले जाते, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. पुण्यातील एका दांपत्याचे उदाहरण घेऊ. काका ७६ वर्षांचे. हृदयाचे पंपिंग कमी झालेले, जोडीला मधुमेह आणि इन्सुलिन. काकू ७१ वर्षांच्या. गुडघे दुखतात आणि काकांची सारी शुश्रूषा त्याच करतात. त्यांची थोरली बहीण गुहागरला, वय ८२. ती आता घराबाहेर पडत नाही. ओळीने तीन वर्षे “पुढच्या दिवाळीला बघू” असे म्हणत जाणे राहून गेले होते. काकू म्हणाल्या, “पुढच्या वर्षाची हमी आता कोणी द्यायची?”

या प्रश्नाला औषधशास्त्रात उत्तर नाही. मात्र ‘जाऊ का?’ याऐवजी ‘कसे जाऊ?’ असे विचारले, तर डॉक्टर पुष्कळ मदत करू शकतात.

कोणी थांबावे?

अलीकडेच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, पायांवरची सूज वाढत असेल, छातीत नव्याने दुखू लागले असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी व प्रवास पुढे ढकलावा. बाकीच्या बहुतेकांना आखणी करून जाता येते. त्यासाठी निघण्यापूर्वी दोन आठवडे डॉक्टरांना भेटावे, म्हणजे औषधांत बदल करावा लागल्यास तो अंगवळणी पडण्यास अवधी मिळतो.

औषधांची पिशवी

काकांची मोठी अडचण होती ती लघवी वाढविणाऱ्या गोळीची. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेकजण ही गोळी प्रवासाच्या दिवशी घेतच नाहीत, शिवाय पाणीही पीत नाहीत. दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात. काकांची सकाळची गोळी त्या दिवशी मुक्कामी पोहोचल्यावर घ्यायचे आम्ही ठरविले. असा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. वय वाढते तशी तहान कमी जाणवते आणि ‘ऑक्टोबर हीट’मध्ये घाम पुष्कळ जातो, म्हणून तहानेची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात घोट घोट पाणी पीत राहावे.

कोकणात शहाळ्याचा आग्रह होणारच. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच हृदयासाठी व रक्तदाबासाठी विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते किती प्यावे, हे आधीच विचारून ठेवावे.

इन्सुलिन उभ्या मोटारीत किंवा डिकीत ठेवू नये. बर्फालाही थेट टेकवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ते थंड राखणाऱ्या पिशवीत घालून हाताशी ठेवावे. सर्व गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात, आणि औषधांची यादी दोघांच्याही खिशात असावी.

बोटीत चढताना

काका-काकूंनी पहिला मुक्काम दापोलीस केला आणि दुसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरून गुहागर गाठले. अशा बोटीवर मोटारीसह जाता येते, चिपळूणमार्गे पडणारा वळसा वाचतो आणि ज्येष्ठांना चढउतार फारशी करावी लागत नाही. मुंबईकरांसाठी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट २०२० पासून अशीच सोयीची झाली आहे.

लहान होडीची गोष्ट वेगळी. डॉल्फिन पाहायला नेणाऱ्या होडीत बसण्यासाठी अनेक ठिकाणी गुडघाभर पाण्यात चालून काठावरून पाय टाकावा लागतो. गुडघे आखडलेले असतील, तोल जात असेल, तर त्यांनी किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसावे हे उत्तम. धक्क्याच्या पायऱ्या ओहोटीला शेवाळाने निसरड्या होतात. मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत, दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि खलाशाचा हात निःसंकोच धरावा. जीवरक्षक जॅकेट घालण्यात कमीपणा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर काही होत नसले तरी लगेच डॉक्टरांकडे जावे.

बोट लागत असेल तर मध्यभागी, मोकळ्या हवेत, पुढे तोंड करून बसावे व दूर क्षितिजाकडे पाहावे. मोबाइल मिटवून ठेवावा. उपाशी निघू नये, तुडुंब जेवूनही निघू नये. ‘उलटीची गोळी’ मात्र दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यांतील अनेक गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी व भ्रम होऊ शकतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबू शकते आणि काचबिंदूच्या काही रुग्णांच्या डोळ्यांवरील दाब वाढू शकतो.

पाहुणचार

प्रवासापेक्षा पाहुणचार कधी कधी जड जातो. लोणचे, पापड, सुकी मासळी आणि फराळाचा चिवडा यांतून मीठ नकळत पोटात जाते. काकांनी वजनकाटा बरोबर नेला होता. हृदयाचे पंपिंग कमी असलेल्यांचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर ते शरीरात पाणी साठल्याचे लक्षण असू शकते. लगेच डॉक्टरांना कळवावे. यजमानांनीही “एकच घ्या” असा आग्रह दोनदा करू नये. दुपारची झोप आणि औषधांची वेळ पाहुण्यांसाठीही राखून ठेवावी.

आता शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. सुट्टीतही काकांचे इन्सुलिन, पथ्य, आंघोळीचे पाणी हे सारे काकूंकडेच राहिले असते, तर त्यांच्यापुरते केवळ गाव बदलले असते. म्हणून निघण्यापूर्वीच त्यांच्या मुलाने सकाळचे काम आपल्याकडे घेतले, भाच्याने संध्याकाळचे. इन्सुलिन कसे टोचायचे, हे दोघेही आधी शिकून घेऊन आले. त्या चार दिवसांत काकू रोज दोन तास बहिणीजवळ निवांत बसू शकल्या. परत आल्यावर काय पाहिले असे विचारले, तेव्हा त्यांनी समुद्राचे नावही काढले नाही. बहिणीच्या केसांना रोज तेल लावून दिले, एवढेच सांगितले. काकांचे वजन अर्ध्या किलोने वाढले होते; ते आठवड्यात पूर्ववत झाले.

मुक्कामाच्या गावी जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच विचारून ठेवावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक लावावा. तो दोघांनाही पाठ असावा.

आपल्या घरी असे एखादे राहून गेलेले जाणे असेल, तर या अंकासोबत ज्येष्ठांची औषधांची यादी काढून बसावे आणि डॉक्टरांची वेळ घ्यावी. कार्तिकातही समुद्र शांतच असतो.