हिस्टोग्रामचा कंगवा

दिवाळीत धाटावला कुंडलिकेकाठी पहाटेच्या धुक्याचा फोटो काढला. मासिकाच्या मुखपृष्ठासाठी जरा उठावदार करायला गेलो, तर हिस्टोग्रामचा चक्क कंगवा झाला!

कारण सोपं आहे. जेपेग ८ बिटचं, म्हणजे दर रंगाला फक्त २५६ पायऱ्या. धुक्यात सगळे टोन मध्येच दाटीवाटीने बसलेले, समजा ६४ पायऱ्यांत. ते २५६ वर ताणले की एक खांब भरलेला, पुढचे तीन रिकामे. आकाशात पट्टे दिसतात ते यामुळेच. फाइल नंतर १६ बिट केली तरी हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये मात्र ४०९६ पायऱ्या असतात.

कोणी म्हणेल, छापल्यावर कुठे कळतं? गॅदरिंगच्या फोटोत नाही कळत, कबूल. पण धुकं, आकाश, संध्याकाळ यांत कळतंच, आणि आमच्या कोकणात दुसरं आहे काय! म्हणून माझं मत असं, की मासिकाने मुखपृष्ठासाठी रॉ फाइलच मागावी. एडिटिंग १६ बिटमध्ये करावं, जेपेग अगदी शेवटी.

माझा फोटो मीच मागे घेतलाय. कंगवा केसांतच बरा.