गिरणगावच्या बायकांचे येणे बाकी आहे

व्यापारात एक साधा नियम आहे. वहीत लिहिले ते खरे, बाकी सगळ्या गप्पा. तोंडी व्यवहार कितीही इमानदारीचा असला तरी दोन पिढ्यांनंतर त्याला साक्षीदार उरत नाही. मुंबईच्या कापड धंद्याचा इतिहास पाहिला की या नियमाची आठवण होते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली, हे आपल्याला पाठ असते. गिरण्यांच्या शेठ लोकांची नावे रस्त्यांना आणि इस्पितळांना दिलेली आहेत. कामगार पुढाऱ्यांची नावे चौकांना आहेत. पण लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा या वस्तीत, ज्याला आपण गिरणगाव म्हणतो, तेथील बायकांचे खाते मात्र कोणी उघडलेच नाही.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही बांधव विचारतील. त्यांना माझे उत्तर असे की हा विषय मजुरीचा, उधारीचा आणि भांडवलाचा आहे. म्हणून त्याची जागा याच पानावर आहे.

सुताची पहिली गाठ

गिरणीत बायकांचे काम प्रामुख्याने दोन खात्यांत असे. एक रिळिंग आणि दुसरे वाइंडिंग. रिळिंग खात्यात कातलेल्या सुताच्या लडी तयार होत. हातमागवाल्याला सूत लडीच्या रूपात लागते, त्यामुळे गिरणीचे सूत विकत घेणाऱ्या विणकराच्या हाती जी लडी पडे ती आधी गिरणगावच्या एखाद्या बाईच्या हाताखालून गेलेली असे. वाइंडिंग खात्यात बॉबिनवरचे सूत पुढच्या कामासाठी दुसरीकडे गुंडाळले जाई. सूत तुटले की गाठ मारायची, कच्चा धागा काढून टाकायचा. कापडाच्या धंद्यात ज्यांची हयात गेली त्यांना सांगायला नको की वाइंडिंगची गाठ नीट बसली नाही तर पुढे मागावर धागा तुटतो, ठाणात दोष येतो आणि भाव पडतो. म्हणजे मालाची प्रत तिथेच ठरत होती. या बायकांना मजुरी मात्र कामावर मोजून मिळे. यंत्र बंद पडले, सूत आले नाही, तर त्या दिवसाची रोजी बुडाली. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या मुक्याही नव्हत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये आठवड्याच्या सुट्टीसाठी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरवली, तीत दोन कामगार बायकांनी भाषणे केली. रविवारची सुट्टी त्याच वर्षी मिळाली. आज आपण सगळे रविवारी दुकानाचे शटर ओढतो किंवा निदान ओढावे असे म्हणतो, त्यामागे त्या दोघींचाही आवाज आहे. पण सभेची हकीकत सांगताना ‘दोन बायकाही बोलल्या’ एवढ्यावरच भागवले जाते.

पुढे हा हिस्सा घटत गेला. कारणे एकाहून अधिक आहेत. हातमागासाठी आणि परदेशासाठी लागणाऱ्या सुताचा व्यापार कमी झाला, तसे रिळिंगचे काम आटले. वाइंडिंगची नवी, वेगाची यंत्रे आली, त्यांना माणसे कमी लागत. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. हा कायदा चांगलाच होता, पण अनेक मालकांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की बाई ठेवली तर खर्च वाढतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत बायकांच्या कामावर बंदी आली आणि गिरण्या तर रात्रपाळीवर चालत. बाईच्या संरक्षणासाठी केलेला कायदा आणि मालकाचा हिशेब यांच्यामध्ये बाईची नोकरी गेली. १९८२ चा संप आला तोवर गिरणी ही जवळजवळ पुरुषांचीच मानली जाऊ लागली होती.

कवी नारायण सुर्वे यांना सांभाळणाऱ्या काशीबाई या गिरणीत काम करीत होत्या. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते मुलगा कवी झाला म्हणून. ज्यांची मुले कवी झाली नाहीत, त्या हजारो बायकांच्या नावांचे काय?

खाणावळ म्हणजे बिनव्याजी पेढी

ज्या बायका गिरणीच्या फाटकाच्या आत नव्हत्या त्यांचा हिशेब तर आणखी मोठा आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा येई. बायको-मुले गावी, शेतावर. एका खोलीत पंधरा-वीस माणसे पाळ्यांप्रमाणे झोपत. त्यांच्या जेवणाची सोय गिरणीने केली नव्हती आणि सरकारनेही नाही. ती केली खाणावळवाल्या बाईने. दहा बाय बाराच्या खोलीत, स्टोव्ह किंवा चुलीवर, पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या आधी उठून ती भाकऱ्या थापू लागे आणि शेवटच्या पाळीचा माणूस जेवून गेला की भांडी घासून झोपे.

आता यातील व्यवहार पाहा. मेंबर जेवत रोज, पैसे देत पगार झाल्यावर. मधल्या महिनाभराचे धान्य, तेल, रॉकेल बाईने आणायचे. वाणी उधार देई, पण भाव चढा लावून. वाण्याचे थकले की सावकार, सावकाराचे थकले की गळ्यातले मंगळसूत्र गहाण. समजा, एका बाईकडे वीस मेंबर आहेत आणि एका मेंबरचा महिन्याचा शिधा शंभर रुपयांचा आहे. म्हणजे दरमहा दोन हजार रुपये तिने बाजारात गुंतवलेले आहेत. व्याज ती स्वतः भरते आणि मेंबरकडून एक पैसा व्याज घेत नाही. अशा खाणावळी गल्लोगल्ली होत्या. गिरणीला स्वस्तात माणूस मिळत होता, तो याच कारणाने. गिरणीमालकाच्या ताळेबंदात ही रक्कम कुठेच दिसत नाही, पण तिच्यावाचून त्याचे साचे चालले नसते.

संप झाला की पगार बंद, पण पोट बंद होत नाही. १९२८ चा संप सहा महिने चालला. अशा दिवसांत खाणावळवाल्या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले. आपल्या धंद्यात पार्टी अडचणीत आली की आपण पहिला माल रोखतो. तो व्यवहाराचा भाग आहे, त्यात गैर नाही. परंतु या बायकांनी ताट रोखले नाही, हेही कुठेतरी लिहिले पाहिजे.

२०२४ मध्ये लहान उत्पादकांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करण्याचा आयकराचा नियम लागू झाला, तेव्हा आपल्या कापड बाजारात केवढी ओरड झाली! बाजाराची रीतच लांब उधारीची, एवढ्यात पैसे कसे फिरवायचे, असे मोठमोठे व्यापारी म्हणू लागले. त्या वेळी मला गिरणगावची बाई आठवली. तिला बँक नव्हती, ओव्हरड्राफ्ट नव्हता. ती महिन्याची उधारी देत राहिली आणि तिने कधी निवेदन दिले नाही.

दादर आधी, बांगलादेश नंतर

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. सुरुवातीला चौदा खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिले. तारण ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हते, म्हणून शेजारणींनीच एकमेकींची हमी घेतली. वाणी आणि सावकार यांच्या कचाट्यातून सुटण्याचा हा पहिला रस्ता होता. पुढे हजारो बायका त्यात आल्या.

बांगलादेशात महंमद युनूस यांनी गरीब बायकांना विनातारण कर्जाचा प्रयोग १९७६ मध्ये सुरू केला आणि २००६ मध्ये त्यांना व त्यांच्या ग्रामीण बँकेला नोबेल पारितोषिक मिळाले. नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडण्याचे काम १९९२ मध्ये हाती घेतले. गिरणगावात हे त्याआधी होऊन गेले होते. व्यवस्थापनाच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलांना युनूस साहेबांचे नाव माहीत असते, दादर-परळच्या त्या चौदा बायकांबद्दल मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

मस्टरवर नाव नाही

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. कामगार गावी परतले. खाणावळी ओस पडल्या आणि त्यांची उधारी बुडाली. घर चालवायला बायका शिवणकाम, पापड, भाजीची पाटी, धुणी-भांडी यांकडे वळल्या. कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकले. आपल्यापैकी पुष्कळांचा धंदा त्यातूनच वाढला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

पुढे गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली आणि २०१२ मध्ये म्हाडाने मोठी सोडत काढली. पात्रतेची अट अशी की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामगाराचे नाव गिरणीच्या नोंदीत असले पाहिजे. अटीत चूक काढण्याचा माझा हेतू नाही, कारण काही पुरावा मागितलाच पाहिजे. पण परिणाम काय झाला ते पाहा. नोंदीत असलेल्या कामगाराची विधवा वारस म्हणून दावा करू शकते. मात्र जिने वीस वर्षे वीस कामगारांना जेवू घातले, तिचा स्वतःच्या मेहनतीवर काडीचा हक्क नाही. कारण ती कोणत्याच मस्टरवर नव्हती. नाव वहीत नसेल तर हक्क कसा बुडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आपल्या मोहल्ल्यात काय चालले आहे?

गिरणगावाला लागूनच आमचा मदनपुरा. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर येथे वसले. कोणी गिरणीच्या साच्यांवर काम करी, कोणी घरी हातमाग चालवी. मागावर पुरुष बसे आणि कांड्या भरून द्यायच्या बाईने. कांडी भरली नाही तर धोटा रिकामा आणि माग बंद. आमच्या घरच्या जुन्या उर्दू वह्यांत विणकराचे नाव आहे, रंगाऱ्याचे आहे, गठ्ठे वाहणाऱ्या हमालाचेही आहे. बायकांच्या कामाची एकच ओळ सापडते: ‘कांडी भराई’, आणि पुढे रक्कम. त्या काळची तशी रीतच होती.

पण आज रीत बदलली का? मदनपुऱ्यात, भिवंडीत, मालेगावात घराघरांतून बायका धागे कापतात, साडीला फॉल-पिको करतात, बटणे लावतात, जरीकाम करतात. नगावर मजुरी मिळते आणि ती मधल्या माणसाच्या हातून मिळते. आपल्या संगणकावरच्या हिशेबात ती ‘जॉब वर्क’ या एका सदराखाली जाते. कांडी भराईचे नुसते नाव बदलले. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार केला, त्याला आपल्या देशाने अजून मान्यता दिलेली नाही. म्हणजे कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

काही बांधव म्हणतील, बायकांनाच नाव नको असते, घरच्यांना आवडत नाही. काही म्हणतील, नगामागे सुटते किती की एवढा कारभार वाढवावा? पहिल्या शंकेला उत्तर हे की पुष्कळ ठिकाणी बाईला कोणी विचारलेलेच नसते. दुसरीला उत्तर हे की एका नोंदीला खर्च एका ओळीच्या शाईचा. उलट कोणाच्या हातचा माल परत येतो आणि कोणाचा येत नाही हे कळले तर नुकसानच टळेल.

माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक काम देणाऱ्याने आपल्या मधल्या माणसाकडून बायकांच्या नावांची यादी मागावी. नाव, काम, नग, दर, दिलेली रक्कम अशी छोटी वही प्रत्येकीकडे असावी आणि त्यावर दोघांची सही किंवा अंगठा असावा. रक्कम शक्यतो तिच्या स्वतःच्या खात्यात जावी. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत तिचे नाव घालून देण्याचे काम आपल्या व्यापारी संघटना एका महिन्यात करू शकतात. उद्या एखादी योजना आली, एखादा अपघात झाला, बँकेत कर्ज मागायचे झाले, तर ही वहीच तिचा पुरावा ठरेल.

दुसरे काम इतिहासाचे आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या लोकांच्या तोंडून त्यांच्या हकीकती गोळा करून २००४ मध्ये ग्रंथ केला. तसे आपल्या मोहल्ल्यातही झाले पाहिजे. शाळेतील मुलामुलींना सुट्टीत एवढेच सांगावे की आपल्या नानी-दादीला विचारा: तुम्ही काय काम केले, कोणासाठी केले, काय मिळाले, आणि ते नावासह लिहून आणा. जुन्या चाळी पाडल्या जात आहेत, माणसे मुंब्र्याला, मीरा रोडला, कोठे कोठे विखुरली आहेत. ज्यांना कांडी भराईचा दर आठवतो अशा बायका आता फार थोड्या उरल्या आहेत.

जुने येणे आज कोणी फेडू शकणार नाही. पण किती येणे आहे आणि कोणाचे आहे, हे तरी वहीत आले पाहिजे. नव्या येण्याची वही तर आपल्याच गल्ल्यात आहे.