बक्षीस कोणास ?

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कारखानदारांनीं नोकर ठेवावे म्हणून सरकार आतां द्रव्य देऊं लागलें आहे. मध्यवर्ती सरकारच्या १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या योजनेंत नव्या नोकरामागें मालकास दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मिळतात. नोकर कोणत्या प्रांतींचा, हें ती विचारीत नाहीं. उलट राज्य सरकारच्या औद्योगिक सवलती हव्या असतील, तर शेंकडा ८० नोकर स्थानिक हवे. दोन्ही हेतु चांगले. पण दोहोंचा हिशेब पटावरील नांवांचा! पटावर ऐंशी भरले आणि पटाबाहेर कंत्राटदाराचे कितीही राबले, तर अट पाळल्याचें नुसतें दिसतें.

ज्यास आपल्या बोलींत पूर्वापार 'परदेशी' म्हणतात, तो उत्तरेकडील मजूर मालकास प्रिय कां? प्रेमामुळें खास नव्हे. तो कमी मजुरींत मिळतो व तक्रार करीत नाहीं म्हणून. सन १९७९ च्या कायद्यानें अशा मजुरास इतरांइतकेंच वेतन ठरविलें होतें. तें खरोखर हातीं पडतें, तर दूरचा माणूस आणण्यांत नफा कोणता उरता?

म्हणून आमचें स्पष्ट मत आहे कीं, कंत्राटदाराच्याही प्रत्येक मजुराचें नांव ज्याच्या पटावर नाहीं, त्यास सरकारी तिजोरींतून एक पैही मिळूं नये. त्यांत परक्याचा द्वेष नाहीं व घरच्याचा घातही नाहीं. आणि आमच्या व्यापारी बंधूंनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ज्याच्या हातीं पुरी मजुरी पडते, तोच उद्यां त्यांच्या दुकानाची पायरी चढतो.