पॉइंटर, जर्नल आणि रात्रीची मराठी

परवा रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन आला. सांगलीला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला वाटलं, पैसे संपले असणार. तर म्हणतो, "काका, जर्नल पूर्ण झालं, सही पण मिळाली. आता पॉइंटर म्हंजे नक्की काय ते सांगा की, उद्या ओरल आहे."

हसू आलं, आणि जरा वाईटही वाटलं. वीसेक वर्षांत काहीच बदललं नाही की काय?

मी मूळचा साताऱ्याचा, शिकायला सांगलीला. सांगलीत इंजिनिअरिंगचं शिक्षण १९४७ पासून आहे, कराडला सरकारी कॉलेज १९६० ला आलं, इस्लामपूरजवळ १९८३ ला. माझं कॉलेज ह्यातलं की आणखी चौथंच, ते सोडा. शनिवारी प्रॅक्टिकल संपलं की धुवायच्या कपड्यांची पिशवी घेऊन एस.टी.त बसायचं. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड करत सातारा. रविवारी संध्याकाळी तेच उलट, फक्त पिशवीत कपड्यांच्या वर आईचा डबा आणि कंदी पेढे. पेढे हॉस्टेलच्या जिन्यातच संपत.

बाकी आठवडा टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनसमोर. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. लाईट गेली की लॅबमधले यूपीएस एकसुरात पीं पीं करायला लागत आणि सगळी पोरं एकदम एफ-टू दाबत. ज्यानं नाही दाबलं त्याचा प्रोग्राम गेला. सेव्ह करायची सवय मला कुठल्या सरांनी नाही, वीज मंडळानं लावली.

आणि जर्नल! ते लिहायला वीज लागत नसे, डोकंही लागत नसे. सीनियरचं जर्नल आणायचं आणि उतरवायचं. इंग्रजीत उद्देश, थिअरी, अल्गोरिदम, शेवटी कन्क्लुजन. कन्क्लुजन सगळ्या प्रयोगांचं एकच, की आम्ही अमुकचा यशस्वी अभ्यास केला. आमच्या बॅचच्या जवळजवळ सगळ्या जर्नलांत एका शब्दाचं स्पेलिंग एकसारखंच चुकलेलं होतं. कुणा पूर्वजाची चूक, पिढ्यानपिढ्या जपलेली. सही मात्र प्रत्येकाला मिळाली.

मग पॉइंटर समजला कुठं? खोली नंबर चौदामध्ये, ओरलच्या आदल्या रात्री, भडंग खात. शिकवणारा आमच्यातलाच, खटाव तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. तो म्हणाला, "लगा, पॉइंटर म्हंजे घर न्हवं, घराचा पत्ता. चिठ्ठीवर लिवलेला. चिठ्ठी फाडली म्हणून घर पडत न्हाई. पण पत्ता दुसरीकडं कुठं लिवला नसंल, तर घर हाय पण जाता येत न्हाई. जागा मात्र अडकून पडली." झाली की मेमरी लीक! फ्री केलेला पॉइंटर परत वापरला तर? "आपण खोली सोडली, तिथं दुसरं बिऱ्हाड आलं. तू जुन्या चिठ्ठीवरून गेलास आणि त्याच्या ताटात जेवाय बसलास." आम्ही हसून लोळलो. पुढे नोकरीत असले बग शोधताना, खरं सांगतो, दर वेळी मला ते ताट आठवलंय.

दुसऱ्या दिवशी ओरलला एक्स्टर्नलनी त्याला हाच प्रश्न विचारला, इंग्रजीत. गडी गप्प. नुसता खाली बघत उभा. त्याच्याकडून रात्री शिकलेले आम्ही तिघं-चौघं पाठ केलेली व्याख्या म्हणून सुटलो, त्याला काठावर मार्क. कॅम्पस इंटरव्ह्यूलाही तसंच झालं. नोकरी त्याला लागली, पण आमच्यानंतर दोन वर्षांनी.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी यायलाच पाहिजे. पाहिजेच. डॉक्युमेंटेशन इंग्रजीत, एरर इंग्रजीत, हिंजवडीतला मॅनेजर इंग्रजीत. पण आमची ओरल पॉइंटरची होती की इंग्रजीची? ज्या साताऱ्यात कर्मवीरांनी १९२४ साली बोर्डिंग काढून खेड्यातली पोरं शिकवली, त्याच भागातला पोरगा समजलेलं असूनही मुका उभा राहतो, हे मला आजही पटत नाही.

२०२१ साली एआयसीटीईनं प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. मराठीतून कॉम्प्युटर शिकवायला पिंपरी-चिंचवडचं एक कॉलेज पुढे आलं. चांगलंच आहे. पण मला धास्ती वेगळी वाटते. इंग्रजी पुस्तकाच्या जागी संस्कृत शब्दांनी भरलेलं पुस्तक आलं, तर पोरगं तेही तसंच उतरवणार आणि रात्री पुन्हा खोली नंबर चौदा गाठणार. पॉइंटरला पॉइंटरच म्हणा हो, भोवतीचं वाक्य मात्र आपलं पाहिजे. निदान जर्नलमध्ये एक पान तरी असं ठेवा, जिथं पोरानं समजलेलं स्वतःच्या भाषेत लिहायचं आणि मार्क त्या पानाला द्यायचे. ते पान सीनियरचं उतरवलेलं लगेच कळतं.

आमच्या वेळी लिहायचं म्हटलं तरी जमत नव्हतं, हेही खरं. चौदा नंबरमधलं ते सगळं मी एकदा कॉम्प्युटरवर मराठीत टाईप केलं, फ्लॉपीवर घेतलं. साताऱ्याच्या कॅफेत उघडलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. त्या फॉन्टमध्ये आत सगळे रोमन अक्षरांचेच कोड, वर फक्त चित्रं देवनागरीची. फॉन्ट नाही तर मराठी नाही. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा नंबर, २३२५, तेव्हाही होता, पण लॅबमधल्या विंडोज ९८ ला त्याचं काय! एक्सपीत जमायचं, तेही सेटिंगमध्ये जाऊन, सीडी घालून. आज पोरांच्या खिशातल्या फोनवर मराठी टाईप होतं. ती सबब संपली.

असो. पुतण्याला मी चिठ्ठी, घर, बिऱ्हाड, ताट सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता हे तुझ्या शब्दांत लिहून मला पाठव, मगच झोप. कुरकुरला. पहाटे दीडला मेसेज आला, सात-आठ ओळी, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब. ताट त्यानं काढून टाकलं होतं, त्याजागी दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये लावलेली गाडी होती. आणि खाली प्रश्न, "काका, मग चिठ्ठी कुठल्या कपाटात ठेवलीय ते दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं, तर तो पॉइंटर टू पॉइंटर का?"

ओरलचं काय झालं ते अजून विचारलेलं नाही.